मूर्खलक्षणांतून सुटलेला एक

दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खांच्या लक्षणांनी संपतो. समर्थांनी त्यात फारसं कोणाला सोडलेलं नाही. तरी एका जातीचा मूर्ख त्यांच्या तावडीतून सुटला. मरणानंतर काय होतं, याबद्दल या माणसाचं मत पक्कं असतं. पण जगताना त्या मताला जे सोयीचं ते तो करत नाही. हा लेख त्याच्या स्तुतीसाठी लिहिला आहे. समाज चालतो तो या मूर्खामुळे, असं मी मनापासून मानतो.

शहाण्यांचं आधी आटपतो. परलोक मानणारा शहाणा पुढच्या प्रवासाची तयारी करून ठेवतो. वाटेत वैतरणी लागते आणि दान दिलेली गाय ती पार करवते, असं गरुडपुराणात आहे. म्हणून तो गोदान करतो, आणि गाय परवडत नसेल तर तिच्या बदल्यात दक्षिणा ठेवतो. परलोक न मानणारा शहाणा म्हणतो, एकदाच जगायचं आहे तर सुखानं जगावं. कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला चार्वाकांच्या नावावर आहे. चार्वाकांचे मूळ ग्रंथ टिकले नाहीत, त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतेक विरोधकांच्या लेखणीतून, तेव्हा त्या सल्ल्याचा दोष मी त्यांच्यावर ठेवणार नाही. पण सल्ला घेणारे आजही पुष्कळ आहेत. तिसरा शहाणा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल. देव असलाच तर मानणाऱ्याचा फायदा अनंत आणि नसला तर तोटा किरकोळ, म्हणून मानण्यावर पैज लावावी, असं त्यानं मांडलं. तिघांचाही हिशेब चुकलेला नाही. मात्र या हिशेबात शेजारचं उपाशी पोर कुठेच येत नाही, आणि आलंच तर पुण्याचं साधन म्हणून येतं.

आता मूर्खांकडे वळू. आधी परलोक मानणारे घेतो.

दहाव्याला घाटावर पिंड मांडलेला असतो. कावळे पलीकडच्या झाडावर बसून असतात आणि एकही खाली उतरत नाही. ऊन वर येतं. जमलेल्यांत कुजबुज सुरू होते, काय राहिलं असेल? मग एकजण पुढे होतो, हात जोडतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘दादा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो. काळजी करू नका.’ तरी कावळा येत नाही. दुसरा पुढे होतो, ‘वहिनींना आम्ही अंतर देणार नाही.’ तिसरा, ज्याचं आणि गेलेल्याचं बांधावरून वाकडं होतं, तो मागे उभा असतो. सगळे त्याच्याकडे बघतात. त्यालाही पुढे यावं लागतं. मग कावळा शिवतो. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुढे सरकतो.

कावळा सावध पक्षी आहे, अन्नाभोवती माणसांची दाटी असली की तो लांबून अंदाज घेतो, असं कोणी सांगितलं तर ते बरोबरच आहे. मला कावळ्याबद्दल वाद घालायचा नाही. त्या थांबण्याच्या वेळात माणसं काय करतात, ते मला मोलाचं वाटतं. एरवी जे कधी एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, ते सगळे एका जागी उभे राहून एकच विचार करतात, की गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल. मृत्युपत्र वाचताना हा विचार होत नाही, तिथे मला काय आलं एवढंच बघितलं जातं. घाटावर दिलेल्या शब्दाला मुद्रांक नाही, साक्षीदारांच्या सह्या नाहीत. शब्द देणाऱ्याच्या पदरात खर्चाशिवाय काही पडत नाही. गेलेल्याची गती ज्याच्या त्याच्या कर्मानं ठरते असं त्याच धर्मानं सांगितलेलं असल्यामुळे पुतण्याच्या कबुलीनं काकाला काय मिळतं, तेही सांगता येत नाही. तरी तो शब्द दिला जातो. असे कितीतरी शब्द पुढे मोडतात, हे खरं आहे. पण मोडणाऱ्याला भावकीतली एखादी म्हातारी चारचौघांत विचारू शकते, घाटावर काय बोलला होतास? कोणत्याही दिवाणी कोर्टाला जो प्रश्न विचारायचा अधिकार नाही, तो तिला त्या मूर्ख सकाळीनं दिलेला असतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. तेराव्याच्या पंगतीसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या घराची मी स्तुती करत नाही. ती लोकलाजेनं लादलेली सक्ती आहे. तिच्याविरुद्ध ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांच्या बाजूनं मी उभा आहे.

पितृपक्षातलं तर्पण बघा. तीळ घातलेलं पाणी आधी बापाला, आज्याला, पणज्याला, मग आईकडच्यांना, मग आप्तांना, गुरूंना. इथवर समजण्यासारखं आहे, आपली माणसं आहेत. पण शेवटी ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, मित्र नाही, ज्यांना पाणी देणारं जगात कोणी उरलेलं नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडायची असते. ही माणसं कोण, कुठली, कोणत्या जातीची, काही विचारलेलं नाही. ज्या समाजानं जिवंत माणसाला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याच समाजाच्या विधीत मेलेल्या अनोळखी माणसासाठी ही ओंजळ शिल्लक राहिली. ती ओंजळ जिवंतांपर्यंत पोचवायला 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. विधी सांगणाऱ्यांनी त्या शेवटच्या ओंजळीचा अर्थ आधीच मनावर घेतला असता तर बरं झालं असतं.

परलोक मानणाऱ्यांतला सर्वांत मोठा मूर्ख देहूचा. बापजाद्यांची सावकारी होती, आणि 1630 च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळात घरातली माणसं डोळ्यांसमोर गेली. तुकारामबुवांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतपत्रं इंद्रायणीत सोडली, आणि सोडली ती आपल्या वाट्याची. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना, देऊन टाकली, कारण भावाच्या हक्काचं बुडवायचा आपल्याला अधिकार नाही. मला या कृतीत खतं बुडवण्याइतकंच ते अर्ध्यावर थांबणं मोठं वाटतं. वैराग्याच्या भरात माणूस दुसऱ्याचंही उधळतो. इथे तसं झालं नाही.

पण त्यांचा खरा मूर्खपणा याहून मोठा. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं हे भारतातल्या बहुतेक दर्शनांनी माणसाचं अंतिम साध्य मानलेलं आहे. त्यासाठी लोक रानात गेले, शरीर सुकवलं, संसार टाकला. आणि हा माणूस देवाला सांगतो की ती मुक्ती आणि संपत्ती तुझी तुझ्याजवळ ठेव, मला नामस्मरण आणि संतांची संगत मिळत असेल तर खुशाल पुन्हा जन्माला घाल. आपल्याच शास्त्रानं सर्वांत वरचं म्हणून ठरवलेलं बक्षीस तो परत करतो. आषाढीला वाखरीच्या तळावर लाखो माणसं चिखलात उभी असतात, त्यांतल्या पुष्कळांना मोक्षाचं विचाराल तर ती पुढच्या वर्षीच्या वारीचं सांगतील. स्वर्गाच्या लोभापायी माणूस चांगला वागतो, असं मानणाऱ्यांनी त्या तळावर एकदा जाऊन यावं.

नरकाची भीती गेली की माणूस मोकाट सुटेल, हा उलट बाजूचा समज. त्याला उत्तर द्यायला पुण्यात आणि मुंबईत दोन मूर्ख होऊन गेले.

गोपाळ गणेश आगरकरांचा परलोकावर विश्वास नव्हता. मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांची बुद्धी अज्ञेयवादाकडे गेली आणि ते त्यांनी लपवलं नाही. म्हणजे त्यांच्या मते त्यांच्याजवळ होतं ते एवढंच एक आयुष्य, तेही दम्यानं कुरतडलेलं. टेंभूसारख्या खेड्यातून हलाखीत शिकून एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी आईला कळवलं की मुलगा शिकला, आता मोठा पगार आणील, अशी आशा ठेवू नकोस. मी पोटापुरत्यावर राहणार आणि उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार. मग शाळा, कॉलेज, 1882 साली डोंगरीच्या तुरुंगातले 101 दिवस, 1888 पासून ‘सुधारक’. विधवांचं केशवपन, बालविवाह, जुने आचार यांवर त्यांनी लिहिलं, तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. 1895 च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. ज्या मुलींसाठी ते भांडले, त्यांच्या नाती शिकलेल्या त्यांना दिसणार नव्हत्या, वरून बघायला मिळेल असंही ते मानत नव्हते. एकुलतं एक आयुष्य ज्याला आहे, त्यानं ते सर्वांत जपून वापरायला हवं होतं. त्यांनी ते दुसऱ्यांवर खर्च केलं.

रघुनाथ धोंडो कर्वे तर याच्याही पुढे गेले. आपल्याकडे स्वर्ग नसला तरी माणसाला मागे राहायची एक वाट असते, ती म्हणजे मुलं. कोणीतरी नाव चालवेल, पाणी देईल. कर्व्यांनी तीही वाट ठरवून बंद केली. संतती होऊ दिली नाही. गणिताची प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी गमावली. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि 1927 पासून मरेपर्यंत, 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. पत्नी मालतीबाईंच्या साथीशिवाय आणि पदरमोडीशिवाय ते चाललंच नसतं. अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, आणि तरी निकाल विरुद्ध गेला. सारखी बाळंतपणं सोसून झिजणाऱ्या बायकांसाठी हे सगळं चाललं होतं. त्या बायकांपैकी बहुतेकींना त्यांचं नावही ठाऊक नसणार. पुढे सरकारनं कुटुंबनियोजनाला राष्ट्रीय धोरण केलं. मूल नाही, परलोक नाही, लोकमान्यता नाही. कोणत्याच बाजूनं परतफेड यायची वाट नसताना इतकी वर्षं दरमहा अंक काढत राहायचं, याला दुसरं नाव मला सापडत नाही. मला या माणसाबद्दल वाटणारा आदर अजून पुरेसा मांडता आलेला नाही, हेही मला कळतं.

देहूचा वाणी आणि मुंबईतला नास्तिक गणिती यांची गाठ पडली असती तर देवाबद्दल त्यांचं एका वाक्यावरही एकमत झालं नसतं. परतफेडीबद्दल मात्र दोघांचं वागणं एकच होतं.

हे मूर्ख आजही लागतात, आणि तातडीनं लागतात. नेत्रदानाचं घ्या. बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. आधी अर्ज भरलेला असो वा नसो, ऐन वेळी घरच्यांचा होकार लागतो, आणि तो अशा वेळी मागितला जातो जेव्हा घरात कोणाला काही सुचत नसतं. तेवढ्यात कोणीतरी वडीलधारं विचारतं, डोळे काढून दिले तर पुढच्या जन्मी आंधळा नाही ना होणार? या प्रश्नाला हसू नये. विचारणाऱ्याचं गेलेल्यावर प्रेम आहे म्हणून तो विचारतो. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी याच पुनर्जन्माच्या श्रद्धेला हात घातला. बोधिसत्त्वानं शिबी राजाच्या जन्मी स्वतःचे डोळे दान दिल्याची जातककथा तिथल्या घराघरांत माहीत होती. 1961 साली त्यांनी नेत्रदानासाठी संस्था उभी केली आणि त्या लहानशा देशातून इतर अनेक देशांना डोळे जाऊ लागले.

आपल्याकडेही त्या वडीलधाऱ्याला दोन प्रकारचे लोक उत्तर देतात. एक मुलगी म्हणते, बाबांना आता डोळ्यांची गरज नाही, पुढचा जन्म वगैरे काही नसतं. तिची काकू म्हणते, पुढचा जन्म असतो, आणि तिथे आंधळं व्हायची वेळ आलीच तर दोघांना दिसत असताना एकानं व्हावं. मी काकूला जास्त मानतो, कारण तिच्या श्रद्धेनुसार ती खरोखर काही पणाला लावते आहे. पण नेत्रपेढीला फोन दोघींपैकी कोणीही केला तरी चालतो. तो लगेच करावा, खोलीतला पंखा बंद करावा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. आणि वडीलधाऱ्यांची समजूत त्यांच्याच श्रद्धेच्या भाषेत काढावी. सहा तास त्याला पुरतात.