एकवीस टक्के व्याज आणि आमेन

खारघरमध्ये मराठी ख्रिस्ती माणसाला कोणी त्रास देत नाही. त्याला कुठल्या खणात ठेवायचं, एवढंच फक्त लोकांना कळत नाही. इथे ख्रिस्ती म्हणजे केरळचा, नाहीतर गोव्याचा, अगदीच ताणलं तर वसईचा. माझं आडनाव पडलं नगर जिल्ह्यातलं, सातबाऱ्यावर शोभेल असं. त्यामुळे नवा शेजारी लिफ्टमध्ये भेटला की संवाद ठरलेला. "तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही हो! मराठी किती छान बोलता!"

आता याला काय सांगायचं? की नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आलं, १८४२ साली तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागलं, आणि तेव्हा हे खारघर म्हणजे डोंगर, खाडी, भातखाचरं आणि ओवे, कोपरा, बेलपाडा अशी गावं होती? एवढा इतिहास चौथ्या मजल्यापर्यंत सांगून होत नाही. मी नुसतं "थँक्यू" म्हणतो. त्याने त्याचा गैरसमज आणखी पक्का होतो.

नाताळात तर शेजाऱ्यांची निराशाच होते. डबा उघडला की आत करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू. "अहो, ही तर दिवाळी! केक कुठाय?" आमच्याकडे नाताळचा फराळ होतो आणि तो आईच्या आईपासून असाच होतो, हे पटवून द्यायला मला दर डिसेंबरात नवा दम लागतो. काहींचा आवाज मग खाली येतो. "ते दुसरं काही... वाईन वगैरे?" आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनालासुद्धा काळ्या मनुका उकळून त्यांचं पाणी देतात. ज्या खारघरमध्ये दारूबंदीसाठी मोर्चे निघाले, तिथे आमच्याइतके कोरडे रहिवासी मिळणं कठीण. पण हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहता आमच्या धर्माबद्दलचा आदर निम्म्याने उतरलेला असतो.

घरी प्रार्थनासभा असते तेव्हा ढोलकी, पेटी आणि टाळ निघतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं अभंगाच्या चालीवर सुरू झाली की समोरच्या आजी हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन येऊन बसतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना सत्यनारायण वाटला होता. शेवटी तीर्थासाठी हात पुढे केला, तर हातात चहाचा कप आला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. आजी त्याच पुलाच्या अलीकडच्या टोकाला आरामात बसून टाळ वाजवतात. सभा लांबली तर आजींची हरकत नसते. हरकत असते ती पाळकसाहेबांच्या प्रवचनाला. "गाणं चाललं होतं चांगलं, मध्येच हे बोलायला का लागले?" हा प्रश्न आमच्या मंडळीतल्या अनेकांच्या मनात वर्षानुवर्षं आहे, विचारायचं धाडस मात्र आजींनीच केलं.

इथपर्यंत सगळं मजेचं. धर्म अंगावर आला तो मी सोसायटीचा खजिनदार झाल्यावर.

वार्षिक सभेत खजिनदाराचं नाव सुचवा म्हटल्यावर सगळे एकदम मोबाईलमध्ये बघू लागले. तेव्हा सेक्रेटरींना माझी आठवण झाली. "यांना करू या. ख्रिश्चन माणूस आहे, पैशाला हात लावणार नाही." टाळ्या वाजल्या. सभेतल्या एकानेही शुभवर्तमान वाचलेलं नव्हतं, हे त्या टाळ्यांवरून कळत होतं. येशूच्या बारा शिष्यांत पैशांची थैली ज्याच्याकडे होती तो म्हणजे पुढे त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योत. आणि गंमत म्हणजे त्याच बारांत मत्तय होता, चांगला मुरलेला जकातदार. हिशेब कळणारा माणूस हाताशी असताना थैली भलत्याकडेच. गृहनिर्माण संस्था चालवलेल्या कोणालाही या निवडीचं आश्चर्य वाटणार नाही.

आमच्या उपविधींप्रमाणे थकलेल्या मेंटेनन्सवर द.सा.द.शे. २१ टक्के व्याज लागतं. आणि दर रविवारी उपासनेत आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो, तिच्यात आपण आपल्या ऋणकोंना सोडलं तसं देवाने आपल्याला सोडावं, अशी विनंती आहे. म्हणजे रविवारी अकराच्या सुमारास डोळे मिटून ऋणको सोडायचे आणि सोमवारी संध्याकाळी डोळे उघडून त्यांच्या दाराला नोटीस चिकटवायची. मला हे फार लागलं. मी पाळकसाहेबांना गाठलं आणि माझा आध्यात्मिक पेच सविस्तर मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू आहे का?"

"आहे."

"मग व्याज घ्या. ती बंद पडली तर आजारी माणसाला भेटायला मलाच जिने चढावे लागतात."

सेमिनरीत हे शिकवतात की अनुभवाने येतं, मला माहीत नाही. पण त्या दिवशीपासून पाळकसाहेबांबद्दलचा माझा आदर वाढला.

सर्वांत मोठी थकबाकी सहाव्या मजल्यावरच्या काकांची. त्यांना नोटीस दिली त्याच रात्री ग्रुपवर त्यांचा संदेश पडला. येशूने सुळावरून शत्रूंनासुद्धा क्षमा केली होती, खजिनदारांनी याचा विचार करावा. खाली हात जोडलेल्या तीन बाहुल्या. मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणी दुसऱ्या गालाची आठवण करून दिली. कोणी अंगरखा मागणाऱ्याला झगाही देण्याची. मी एक पाहिलं आहे, ज्यांना ख्रिस्ती धर्मातलं काडीचं ठाऊक नसतं, त्यांनाही तो दुसरा गाल नेमका ठाऊक असतो. स्वतःचे दोन्ही गाल सुरक्षित ठेवून लोक हा उपदेश करतात.

बरं, क्षमेला काही मर्यादा? पेत्राने हा प्रश्न येशूला विचारलाच होता. सात वेळा क्षमा केली की पुरे का? उत्तर मिळालं, सातच्या सत्तरपट. म्हणजे ४९०. मी खजिनदार असल्यामुळे कागद घेतला. महिन्याला एक हप्ता थकला असं धरलं तर काकांना चाळीस वर्षं दहा महिने मोकळीक आहे. तोवर इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल.

हा गुंता सोडवला आमच्या हिने, आणि तोही बायबल न उघडता. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून ही डबा घेऊन वर गेली. तासाभराने खाली आली ती चेक घेऊन. झालं होतं असं की काकांचे बँकेचे सगळे व्यवहार परदेशातला मुलगा करायचा. त्याने मोबाईलवर ॲप घालून दिलं, पासवर्ड काका विसरले, आणि चार लोकांत तसं सांगायला लाज वाटली, म्हणून त्यांनी येशूला मध्ये घातलं. चेक मुद्दलाचा होता. व्याज अजून वहीत तसंच आहे. ऑडिटरने त्याखाली लाल रेघ ओढली, मी मनातल्या मनात प्रार्थना ओढली. दोन्ही गोष्टी आजमितीला कायम आहेत.

येशूच्या ज्या डोंगरावरच्या प्रवचनात तो दुसरा गाल आहे, त्यातच आणखी एक आज्ञा आहे, एक मैल चालायची सक्ती केली तर दोन मैल जा. रोमन शिपायाला वाटेवरच्या कोणाही माणसाच्या डोक्यावर आपलं ओझं देऊन त्याला मैलभर चालवण्याचा अधिकार होता, त्यावरून हे निघालं. रोमन मैल साधारण दीड किलोमीटरचा. खारघर स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेलं, रिक्षावाल्याने आपल्या सेक्टरचं नाव ऐकून मान फिरवली आणि त्यांची बॅग आपल्या खांद्यावर आली, की उत्सव चौकापर्यंत ही आज्ञा बहुतेक पाळून होते. तिथून सेंट्रल पार्कपर्यंतचं अंतर पदरचं पुण्य. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि माझं हे पुण्य बुडालं. आता पाहुणे बेलापूरला उतरतात आणि गार हवेत बसून माझ्याआधी घरी पोचतात.

पाहुणे म्हणजे नुसते पाहुणे नाहीत. आमच्या घरापासून सेक्टर २२ जवळ, तिथे टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र आहे, ॲक्ट्रेक. श्रीरामपूर, राहुरी, जालना, सोलापूर, कुठल्याही मंडळीत कोणाला तिकडची चिठ्ठी मिळाली की फोन येतो, "तुमच्या घराजवळच टाटा आहे ना?" मी ऑफिसातून मोठ्या आवाजात सांगतो, "या, घर तुमचंच आहे!" सांगून झाल्यावर मला फार बरं वाटतं. परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलं, असं न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना म्हणेल, त्या रांगेत आपण उभे आहोत असं चित्र दिसायला लागतं. संध्याकाळी घरी गेलो की ही शांतपणे विचारते, "घर त्यांचं, हे कळलं. आपण कुठे झोपायचं?"

सिडकोच्या घरात हा प्रश्न तात्त्विक नसतो. वन बीएचके. रुग्णाला बेडरूम, त्याच्या बायकोला तिथेच खाली गादी, आम्ही हॉलमध्ये, आणि मुलगा सोफ्यावर अभ्यास आणि झोप एकाच वेळी करतो. केमो झालेल्या माणसाला फोडणीचा वास सहन होत नाही, म्हणून आठवडाभर घरात मुगाची खिचडी. पहाटे उठून नंबर लावायला जाणाऱ्यांचा डबा कोण करतं? मी करत नाही. मी प्रार्थना करतो. ती मी चांगली करतो, असं येणारे सगळे सांगतात.

मार्था आणि मरीयेची गोष्ट आमच्या महिला मंडळात दर वर्षी निघते. येशू घरी आला, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकघरात राबत राहिली आणि शेवटी कुरकुरली. शाबासकी मिळाली मरीयेला. गेल्या खेपेला या विषयावर बोलायची पाळी हिची होती. ही उभी राहिली आणि म्हणाली, "मरीयेने चांगला वाटा निवडला हे खरंच आहे. पण त्या दिवशी जेवायला किती माणसं होती, याचा विचार वाचणाऱ्यांनी करावा." आणि खाली बसली. मंडळाच्या इतिहासातलं ते सर्वांत छोटं भाषण असावं. टाळ्या मात्र पेटी थांबवावी लागेल इतक्या झाल्या.

हिची ही परंपरा मला ठाऊक आहे. ती ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपासून चालत आलेली आहे. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, आपल्या बुद्धीला पटल्यावर. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या बापाची ही मुलगी. तिला तो उंबरा ओलांडायला किती बळ लागलं असेल! टिळक देवमाणूस, फुलामुलांचे कवी, हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात जायचा. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात आली. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरीच सोडली आणि ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. हे सगळं थोर आहे, मी नाकारत नाही. पण त्या प्रत्येक थोर गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायला कोण होतं, ते लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर कळतं. आणि तेही रडून सांगितलेलं नाही. हसून सांगितलं आहे, स्वतःला आणि नवऱ्यालाही. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ काही अध्यायांवर थांबलेलं होतं. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, तिने ते महाकाव्य पूर्ण केलं. टिळकांनी सुरू केलेली बहुतेक कामं शेवटी असंच कोणीतरी पूर्ण करत असे.

म्हणून माझं मत सांगतो, पाळकसाहेबांना पटो न पटो. श्रद्धेवर कविता कशी करावी हे टिळकांकडून शिकावं. ती महिनाअखेरपर्यंत कशी पुरवावी हे लक्ष्मीबाईंकडून. आमच्या घरात या दोन्ही शाखा सुरू आहेत. कवितेची शाखा माझ्याकडे आहे आणि तिच्यावर कामाचा ताण कमी आहे.

तर आपल्यापैकी कोणाला किंवा कोणाच्या नातेवाइकाला खारघरच्या टाटाला यायचं असेल तर संकोच करू नका, कळवा. फोन मला न करता हिला करा. माझं "या" या घरात ग्राह्य धरलं जात नाही. रिपोर्टच्या सगळ्या झेरॉक्स आणि आधार कार्ड आठवणीने घ्या. आणि गाडी आणू नका. पाहुण्यांच्या पार्किंगचा ठराव गेली दोन वर्षं सभेपुढे पडून आहे.