डीव्हीडी ड्राइव्हचे मानपान

लग्नाची जुनी डीव्हीडी घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहण्याचा विधी गुरुवारी दुपारी चारनंतर करावा. अक्कलकोटात दुसरा मुहूर्त नाही. गुरुवारी पाहुणे येतात, वटवृक्षाच्या देवळात स्वामींचं दर्शन घेतात, अन्नछत्रात पंगतीला बसतात, आपल्या घरी येऊन तासभर आडवे होतात आणि चहाचा कप हातात आला की त्यांना लग्नं आठवतात. आमची आत्या हैदराबादहून येते. बशीतला चहा संपायच्या आत तिचं वाक्य येतं, "अरे, ताईच्या लग्नाची ती शिडी लाव की." सीडीला ती शिडी म्हणते. डीव्हीडी आली तरी शिडीच म्हणते. तिला दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये, विधी लांबतो.

साहित्य असं. डीव्हीडी एक, कागदी पाकिटातली. आमची २००७ सालची आहे. पहिली तीन मिनिटं वधूवर कमळातून उमलतात, मग बदामात गोल फिरतात आणि मग स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे राहतात. लग्न प्रत्यक्षात मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली लागलं होतं. कॉम्प्युटर एक, तोंड असलेला. हल्लीच्या लॅपटॉपना तोंडच नसतं, त्यामुळे माळ्यावरचा काळा टॉवर खाली काढावा. विंडोज पेलवेना म्हणून भाच्याने आमच्या टॉवरवर लिनक्स घालून दिलंय. शिवाय मऊ सुती कापड, आणि सरळ केलेली यू-पिन एक. यू-पिन कशाला, ते पुढे येईल. न लागली तर स्वामींची कृपा.

आता मूळ गैरसमज दूर करू. ड्रायव्हर म्हटलं की आपल्याला सोलापूर-अक्कलकोट एसटीचा ड्रायव्हर दिसतो. हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक, मागे चाळीस माणसं. ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ड्रायव्हरकडे यातलं काहीच नसतं. लेझर कुठवर सरकवायचा, भिंग किती वर-खाली करून नेम धरायचा, तबकडी किती जोरात फिरवायची, हे ड्राइव्ह स्वतःच्या पोटातल्या चिपच्या अकलेने ठरवतो. डीव्हीडीवरच्या रेघा एकमेकींपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत सहज पन्नासेक बसाव्यात. तिथे बाहेरच्याने हात घालू नये, आणि ड्राइव्ह घालूही देत नाही.

तेव्हा ड्राइव्ह म्हणजे वरपक्ष समजा. ड्रायव्हर म्हणजे वधूकडचा मामा. खांद्यावर उपरणं, हातात यादी, तोंडात साखर. तो हुकूम देत नाही, विचारतो. आणि विचारण्याची पद्धत ठरलेली आहे, तिला फाटा देऊन चालत नाही.

कॉम्प्युटर सुरू होतानाच मामा जानवसघरी जाऊन पहिली चौकशी करून येतो. आपण कोण, कोणत्या घराण्यातले, मॉडेल कोणतं? मग दुसरी. आपल्याला काय काय चालतं? नुसती सीडी, की डीव्हीडीही? वाचनच, की लिहिणंही? उत्तरं तो टिपून ठेवतो. एवढं झालं की लिनक्समध्ये 'एसआर-शून्य' नावाची पाटी लागते आणि बाकीच्या प्रोग्रामांना समजतं की वऱ्हाड उतरलं.

आता ट्रे उघडा, डीव्हीडी छापील बाजू वर करून ठेवा आणि ट्रे आत ढकला. बटणाने ढकला, बोटाने नको. मामा लगेच तिसरा प्रश्न विचारतो, "मंडळी तयार आहेत का?" हा प्रश्न फार सोज्वळ आहे, त्यात काही मागणं नाही. तरी पहिलं उत्तर बहुधा "नाही" असंच येतं.

मौज पुढेच आहे. ड्राइव्ह "नाही" म्हणतो, पण का नाही ते सांगत नाही. रुसलेल्या जावयाचा हाच नियम आहे. काय बिनसलं ते वेगळं, पुन्हा जाऊन विचारावं लागतं. ड्रायव्हरसाठी तसा खास हुकूमच आहे. मागची नाराजी कशाबद्दल होती, असं त्याने विचारायचं. मग कारण येतं, तेही शब्दांत नाही, आकड्यांत. पहिला आकडा नाराजीची जात, पुढचे नेमकं कारण. दोन आणि पाठोपाठ ३ए आलं तर पोटात तबकडीच नाही. दोन, चार, एक आलं तर तयारी चाललीय, जरा दम धरा. तीन म्हणजे तबकडीतच खोट. आणि सहा आला तर मात्र हसू येतं. सहा आणि अठ्ठावीसचा अर्थ, "मधल्या काळात तबकडी बदलली आहे, तुम्ही दखल घेतली नाहीत." तुम्ही काही का मागितलेलं असेना, तबकडी बदलल्यानंतरचं पहिलं मागणं ड्राइव्ह या एका कारणावरून परत पाठवतो. मामाने मान डोलवायची, जुन्या तबकडीबद्दल लक्षात ठेवलेलं सगळं पुसायचं आणि तेच मागणं नव्याने करायचं. दुसऱ्या वेळी काम होतं.

या वेळात आत्या विचारते, "लागंना का रे अजून?" तिला "दोन, चार, एक" असं उत्तर देऊ नये.

मंडळी तयार झाली की खरी देवाणघेवाण सुरू होते. प्लेअर फाइल मागतो, फाइल सिस्टिम ती कुठल्या सेक्टरांत आहे ते काढते आणि ड्रायव्हर त्याची चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी बरोबर बारा बाइटांची. लग्नपत्रिकेसारखाच ठरलेला मजकूर. सुरुवातीला हुकुमाचा आकडा, मग कुठल्या सेक्टरपासून, मग किती सेक्टर. मजकूर दहा बाइटांतच संपला तरी पत्रिका बाराचीच छापायची, उरलेल्या जागी शून्यं. एका सेक्टरात २०४८ बाइट माल. फाइल सिस्टिम पहिल्या सोळा सेक्टरांच्या वाटेला जात नाही. वाड्यापुढच्या अंगणासारखी ती जागा प्रमाणातच मोकळी सोडलेली आहे. दार सोळाव्या नंबरवर, शून्यापासून मोजून. तिथे 'सीडी००१' ही पाच अक्षरं दिसली की घर बरोबर सापडलं म्हणायचं. आत गेल्यावर दोन फोल्डर असतात, एक व्हिडिओचं आणि एक ऑडिओचं. ऑडिओचं बहुतेक वेळा रिकामं असतं. आहेराची अशी पाकिटं आपण सगळ्यांनी उघडून पाहिलेली आहेत.

जरा जुन्या काळाबद्दल. आज हा विधी सगळीकडे सारखा दिसतो, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक कंपनीच्या सीडी ड्राइव्हचे रीतिरिवाज वेगळे होते. सोनीचं वेगळं, मित्सुमीचं वेगळं, पॅनासॉनिकचं वेगळं, आणि कित्येकांची केबल तर साउंड कार्डावर लागायची. जितकी वऱ्हाडं तितके मामा. पुढे पट्टीच्या केबलवरून हार्ड डिस्कशेजारी बसण्याची आणि त्याच बारा बाइटांच्या चिठ्ठीची पद्धत आली, तेव्हा कुठे एक मामा सगळ्यांना पुरू लागला. लिनक्समध्ये सगळ्या सीडी ड्रायव्हरांना एका आचारसंहितेत बसवण्याचं काम डेव्हिड व्हान लेउवेन यांनी केलं. बाकीच्या प्रोग्रामांनी कुठल्याही ड्राइव्हशी एकाच भाषेत बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं. अक्कलकोटात बाजारात मराठी, घरात कन्नड आणि पाहुण्यांशी हिंदी बोलणाऱ्याला यातला त्रास समजावून सांगावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉसची तऱ्हा आणखी न्यारी. त्याला सीडी ही वस्तूच ठाऊक नव्हती, म्हणून एमएससीडेक्स नावाचा मध्यस्थ आणला. तो डॉसला सांगायचा की हा नेटवर्कवरचा लांबचा ड्राइव्ह आहे. पाहुणा माजघरात बसलेला आणि यजमानाला वाटतंय परगावाहून पत्र आलंय.

असो. डीव्हीडी सुरू झाली. कमळ उमललं.

इथे घरातलं कोणी तरी हौशी माणूस ड्राइव्हचं बटण दाबून पाहतंच. काही होत नाही. ते बिघडलेलं नाही. तबकडी माउंट झाली की ड्रायव्हर दाराला कडी घालण्याची चिठ्ठी पाठवतो, आणि मग बटण दाबणं म्हणजे नुसती विनंती. ती मामाकडे जाते. मामा पाहतो, पंगतीत अजून कोणी जेवतंय का? एखादं फोल्डर उघडं असेल, एखादा प्रोग्राम फाइल धरून बसला असेल, तर "उपकरण व्यस्त आहे" एवढंच उत्तर. आमच्याकडे धरून बसलेला नेहमी भाचाच असतो. मागे दुसऱ्या खिडकीत त्याने लग्नातले स्वतःचे फोटो उघडून ठेवलेले असतात. सगळ्यांना उठवावं, मग रीतसर बाहेर बोलवावं. कडी निघते आणि ट्रे आपणहून पुढे येतो.

यू-पिन त्यानंतरची. ड्राइव्हच्या तोंडावर एक बारीक भोक असतं. वीज बंद करून त्यात पिन सरळ आत दाबली की आतलं दार यंत्राने सुटतं. त्यात ना ड्रायव्हर, ना चिठ्ठी. ही मागच्या दाराने वरात काढण्याची सोय आहे. तबकडी फिरत असताना वापरू नये.

अमेरिकेतल्या चुलतभावाने पाठवलेली विकतची सिनेमाची डीव्हीडी याच विधीत लावायचा मोह टाळावा. सिनेमा कंपन्यांनी जगाची वाटणी केलेली आहे. अमेरिका एक नंबरच्या विभागात, भारत पाचव्यात. तुमच्या ड्राइव्हला विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, आणि हिशेब ड्राइव्हच्याच पोटात लिहिलेला असतो. विंडोज पुन्हा टाकलं तरी पुसला जात नाही. पाचव्यांदा जिथे बसला तिथेच कायम. लग्नाच्या डीव्हीडीला असली बंधनं नाहीत. ती कुठेही लागते, म्हणजे लागायला हवी.

कारण मंगलाष्टकं आली की आमची डीव्हीडी अडकते. दर वेळी तिथेच. अंतरपाट धरलेला आहे, ताई मान खाली घालून उभी, भावजींच्या मुंडावळ्या पंख्याच्या वाऱ्याने तोंडात जातायत, आणि चित्र थिजतं. ताईच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात. टॉवरच्या आतून खर्रर्र, मग टक्, मग पुन्हा खर्रर्र. मामाने चिठ्ठी दिलेली आहे. वरपक्ष आत खल करतोय. वेग कमी करून वाचतोय, भिंग हलवून वाचतोय, थोडं मागे जाऊन पुन्हा येतोय. लिनक्सचा ड्रायव्हर एका चिठ्ठीच्या उत्तरासाठी तीस सेकंद थांबतो. घड्याळ लावून पाहा, आत्या शेजारी बसलेली असताना तीस सेकंद किती मोठे असतात. शेवटी "तीन, अकरा" येतं. तबकडीत खोट, वाचता आलं नाही. प्लेअर तेवढा भाग गाळतो. पुढचं चित्र येतं तेव्हा अक्षता पडून गेलेल्या असतात आणि सगळे वाजंत्रीवाल्यांकडे पाहत असतात.

"लागलं का लग्न?" आत्या विचारते.

"लागलं."

"मी कुठंय?"

आत्या त्या खोटेतच आहे. दर वर्षी मी हे तिला सांगत नाही.

तेव्हा कापड. तबकडी मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ रेषेत पुसावी. गोल गोल फिरवून पुसू नये. रेघा गोल जातात, त्यामुळे गोल ओरखडा एकाच रेघेवर लांबवर चालत राहतो. आडवा ओरखडा प्रत्येक रेघेचा जरासाच तुकडा खातो, आणि तेवढं दुरुस्त करण्याची तजवीज मूळ मांडणीतच असते. ऑडिओ सीडीवर एका रेघेचा जवळजवळ अडीच मिलिमीटर तुकडा गेला तरी सगळं परत जुळवता येतं. टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात. मीही केला होता. त्यानंतर मंगलाष्टकांच्या अगोदरचा हळदीचा कार्यक्रमही अडकायला लागला.

एक उपाय उरतो. ड्राइव्हला वेग कमी ठेवायला सांगावा. सिनेमा दाखवायला डीव्हीडीचा एकपट वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट, पुरेसा असतो. सोळापट पळवून उगाच धडधड होते आणि खरवडलेली जागा आणखी निसटते. ड्रायव्हर हा निरोप पोचवतो. ड्राइव्हने ऐकलं तर ठीक. आमचा एकदा ऐकतो, एकदा नाही. या गुरुवारी ऐकलं. अंतरपाटाच्या खालून एक हिरवं लुगडं आणि हातातल्या अक्षतांची ताटली दिसली, चार चौकोनी तुकड्यांत. आत्या पुढे सरकून बसली. पुन्हा खर्रर्र.

मग तिची गाडी होती. रात्री अक्कलकोट रोडला सोडायला आम्ही सगळे निघालो. भाच्याने खिडकी बंद केली, ट्रे बाहेर आला, आत्याने डीव्हीडी पदराने गोल गोल पुसली आणि पाकिटात घालून पिशवीत ठेवली. हैदराबादला कोणी तरी नीट करून देणारा आहे म्हणे. टॉवर बंद करायचं गडबडीत राहिलं.

मांडव उतरला, वऱ्हाड गेलं, आचाऱ्याने भांडी मोजली. रिकाम्या ड्राइव्हला मामा दर दोन सेकंदांनी विचारतोय, मंडळी तयार आहेत का? दोन आणि ३ए. मंडळी तयार आहेत का? दोन आणि ३ए.