आक्रात एकांत मिळत नाही

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला आप्तेष्ट दोन गोष्टी बांधून देतात: मेतकूट आणि एकटेपणाची भीती. घानाच्या राजधानीत, आक्राला, नोकरीसाठी निघालो तेव्हा मला दुसरी गोष्ट जरा जास्तच मिळाली. "समुद्र आहे म्हणे तिथं. संध्याकाळी फार उदास वाटेल रे तुला," मावशी म्हणाली. सूर असा, की मला उदास वाटलं नाही तर तिचा अपमान होईल. मीही तयारीनं गेलो. बॅगेत ज्ञानेश्वरी, बासरी आणि एक कोरी वही. एकांतात सुचणारे विचार त्या वहीत लिहायचे होते.

मनातून मला त्या एकटेपणाची ओढही होती. मी डोंबिवलीहून 7:52 ची फास्ट पकडणारा माणूस. शंभर जणांच्या काखेत उभं राहायचं आणि एकाच्याही आयुष्यात डोकवायचं नाही, ही आमची सभ्यता.

आक्राची सभ्यता नेमकी उलटी. इथं आधी विचारपूस, मग काम. दुकानात शिरून तुम्ही थेट "साखर आहे का?" विचारलंत, तर दुकानदारीण अशी बघते, जणू तुम्ही साखर नव्हे, तिची किडनी मागितलीत. आधी तिला सुप्रभात म्हणायचं, कशी आहेस विचारायचं, रात्री झोप लागली का विचारायचं, पोरंबाळं विचारायची. मग ती तुमची विचारणार. तुम्हाला पोरंबाळं नसतील तर ती का नाहीत, हेही विचारणार. एवढं सगळं झाल्यावर कळतं, की साखर कालच संपली. पैसे द्यायचे ते उजव्याच हातानं. डावा हात पुढं करणं म्हणजे उद्धटपणा. या एका बाबतीत माझ्या आईला घानानं विनाअट नागरिकत्व द्यायला हवं.

नावाची भानगड तर पहिल्याच दिवशी सुरू झाली. घानातल्या अकान लोकांत मुलाला जन्मवाराचं नाव मिळतं. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. मुली झाल्या तर आफिया आणि आमा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचे. 6 मार्च 1957 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हाचे नेते क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. ऑफिसात कुणीतरी विचारलं, "तू कुठल्या वारचा?" मला सांगता येईना. सगळ्यांनी माझ्याकडे अनाथाकडे पाहावं तसं पाहिलं. मग आईला फोन. भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढं. घरी निजानीज झालेली.

"वार? तिथी त्रयोदशी होती," आई म्हणाली. "पाऊस धो धो. आणि तुझे बाबा ऑफिसला निघून गेले होते, तेही सांग त्यांना."

"आई, फक्त वार."

"थांब. त्या नर्सनं चहाबरोबर बिस्किट पुढं केलं, आणि मी म्हटलं, बाई, मला नको... गुरुवार! उपास होता माझा."

अशा रीतीनं दत्तगुरूंच्या कृपेनं मी 'याव' झालो. दुसऱ्या दिवसापासून फाटकावरचा वॉचमन, कोपऱ्यावरची केळी भाजणारी बाई, तिची शाळकरी नात असे सगळे मला त्या नावानं हाका मारू लागले. अनोळखी राहण्याचा माझा परवाना रद्द झाला.

बसमध्ये तरी कुणी ओळखणार नाही, म्हणून मी ट्रो-ट्रोनं जाऊ लागलो. ट्रो-ट्रो म्हणजे इथल्या जुन्या मिनीबस. दारात लटकलेला 'मेट' ठिकाणाचं नाव ओरडत असतो आणि फुटपाथवरचा प्रवासी बोटानं खूण करतो. बोट गोल फिरवलं, की एन्क्रुमा सर्कलला जायचंय. भाड्याचे पैसे मागच्या रांगेतून हातोहात पुढं जातात आणि सुट्टे तसेच परत येतात. ते कमी आले, की गाडीत कोर्ट भरतं. दोन्ही बाजूंना वकील मिळतात आणि साक्षीदार म्हणून बोट माझ्याकडे वळतं. परक्या माणसाचा कुणाशी लागाबांधा नसतो, त्यामुळे त्याची साक्ष वजनदार, असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या स्टॉपवर उतरू बघतो, तर मेट म्हणतो, निकाल लागल्याशिवाय कसे उतरता?

घरी परतलं की वॉचमन. 'कुमकुम भाग्य' ही 2014 साली झी टीव्हीवर सुरू झालेली हिंदी मालिका इथल्या अडोम टीव्हीनं ट्वी भाषेत डब केली आणि घानानं ती डोक्यावर घेतली. भारतात भाग बरेच पुढं गेलेले. त्यामुळे भारतीय म्हणजे भविष्य जाणणारा माणूस, अशी गल्लीची समजूत झाली. वॉचमन फाटक अर्धंच उघडून विचारायचा, "याव, प्रज्ञा आणि अभि एकत्र येणार ना?" मी ती मालिका पाहत नाही, हे त्याला पटत नसे. आणि पटेपर्यंत फाटक पूर्ण उघडत नसे. अखेर आईला कामाला लावलं. आई मला सांगायची, मी वॉचमनला, वॉचमन गल्लीला. "त्या तनूवर विश्वास ठेवू नका म्हणावं," असा आईचा खास निरोपही एकदा पोचता केला. त्यावर भाजलेली केळी फुकट आली.

म्हटलं, वर्षातून काही दिवस तरी शांतता मिळेल. गा हे आक्राचे मूळ रहिवासी. दुष्काळ सरल्याच्या आठवणीचा त्यांचा होमोवो हा सण मोठा. त्याआधी साधारण महिनाभर शहरात ढोल वाजवायला आणि गोंगाट करायला परंपरेनं बंदी असते. एरवी रात्र रात्र गाजवणारी चर्चंही आवाज खाली आणतात. त्या नीरव संध्याकाळी मी बासरी बाहेर काढली. चौथ्या स्वराला वॉचमन दारात.

"बंदी आहे."

"अरे, बासरी ढोलात मोडत नाही."

"ढोलात नाही मोडत," तो विचार करून म्हणाला, "पण तुमची गोंगाटात मोडते."

समुद्राचाही उपयोग झाला नाही. लाबाडीच्या किनाऱ्यावर उदास व्हायला बसलो, की घोडेवाला येतो, मणीवाली येते, फोटोवाला येतो. मग कळलं, की गा कोळी मंगळवारी समुद्रात जात नाहीत; तो दर्याच्या विसाव्याचा दिवस. मी मंगळवारची रजा काढून जेम्सटाउनच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या वर ओढलेल्या, दर्या निवांत. कोळीही निवांत. जाळी दुरुस्त करत बसलेल्या त्या सगळ्यांना गप्पा मारायला अख्खा दिवस मोकळा होता.

या शहरात जिवंत माणसाला एकटं सोडत नाहीत, तर मेलेल्याला कुठून सोडणार? शनिवार हा अंत्यसंस्कारांचा वार. आधी भिंतींवर रंगीत पोस्टर लागतात, मग रस्त्यात मांडव पडतो, मग भिंतीएवढे स्पीकर. लोक काळ्या-तांबड्या कपड्यांत येतात. गेलेलं माणूस पिकलं पान असेल तर काळ्या-पांढऱ्यात, कारण मग तो कृतार्थतेचा सोहळा. वॉचमनच्या आत्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. "ती गेली म्हणून काय झालं? ओळख करून घ्यायला या," तो म्हणाला. मी गेलो. माझ्या वर्गणीचा आकडा माइकवरून जाहीर झाला, टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ मला नाचायला ओढलं.

आत्या तेशीची. तेशी म्हणजे आकारांच्या शवपेट्यांचं गाव. सेथ काने क्वेई या सुतारानं ही कला नावारूपाला आणली; 1989 साली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या प्रदर्शनातही त्याच्या पेट्या मांडल्या होत्या. कोळ्याला मासा, कोको पिकवणाऱ्याला कोकोची शेंग, हौशी माणसाला मर्सिडीज. तिथल्या एका सुतारानं मला विचारलं, "तुला कसली?" मी म्हटलं, लोकलचा डबा. फोनवर फोटो दाखवला. त्यानं तो न्याहाळून मान हलवली. "डबा करीन. पण यात तू एकटाच झोपलास, हे खरं वाटायचं नाही."

राहता राहिले गणपती. त्या दिवशी तरी खोलीत बसून मनसोक्त हळवं व्हायचं ठरवलं होतं. तर ओडोरकोर भागात हिंदू मठ निघाला, आणि तोही आम्हा परदेशी भारतीयांचा नव्हे. 1975 साली दीक्षा घेतलेले स्वामी घनानंद सरस्वती हे मूळचे घानाचेच. त्यांनी तो उभारला आणि 2016 साली त्यांचं निधन झालं. साड्या नेसलेल्या घानायन बायका भजनं म्हणत बाप्पाला अटलांटिकवर घेऊन निघतात. माझ्या हातात कुणीतरी झांजा दिल्या. डोळे पुसायला हात रिकामा राहिला नाही.

तेव्हा ज्यांना परदेशात जाऊन एकटेपणावर कविता लिहायच्या आहेत, त्यांनी आक्राच्या वाटेला जाऊ नये; थंड हवेचे, बंद दारांचे देश पुष्कळ आहेत. तरीही येणार असाल तर आईला जन्मवार विचारून घ्या, शनिवारसाठी एक काळा सदरा भरा आणि चालू मालिकांचे सगळे भाग बघून या.