नक्षी शाबूत, वय झालेलं

बेळगाव ते निपाणी म्हणजे हायवेने पाऊणशे किलोमीटर. शहाणा माणूस बसने जातो. आमचे मामा अख्खा संसार घेऊन निघाले. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होतं. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी, फ्रिज, शिवाय मामींच्या हट्टाखातर देवघर. पडद्यांसाठी खडेबाजार पालथा घातला. टायरांचं काय, विचारलं तर म्हणाले, "नक्षी बघ की! काल घेतल्यागत हाय."

नक्षी होतीच. वर्षाचे अकरा महिने गाडी अंगणात उन्हं खात उभी, झिजणार कशाने?

काकतीला कुंद्याचा डबा उघडला. हत्तरगीचा टोलनाका गेला आणि पोरं पलंगावर आडवी झाली. संकेश्वरच्या अलीकडे मागून असा बार उडाला की देवघरातले गणपती थेट कुकरात. गाडी डावीकडे ओढायला लागली. मामांनी मात्र ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपसूक उतरू दिला आणि गाडी कडेला घेतली. हेच पुढे तवंदी घाटाच्या उतारावर झालं असतं तर निपाणी जरा लवकरच आली असती.

पंक्चरवाल्याने चिंध्या झालेल्या टायरच्या बाजूवरची माती अंगठ्याने पुसली. खाली चार आकडे होते, 2811.

"कंपनीचा नंबर असणार," मामा म्हणाले.

"जन्मतारीख हाय, मालक. 2011 सालचा अठ्ठाविसावा आठवडा."

मग त्याने दुसऱ्या टायरवरच्या बारीक भेगा दाखवल्या. ऊन-वाऱ्याने रबर वाळतं, आतल्या तारांवरची त्याची पकड सुटत जाते. त्यात हवा कमी आणि वर घरभर ओझं, म्हणजे टायर चालता चालता तापणारच. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, पाच-सहा वर्षांनंतर दरसाल तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही देखणी असली तरी काढून टाका. मामींनी ऐकता ऐकता आत गॅस पेटवून सगळ्यांना चहा केला. घर बरोबर असण्याचा तेवढा एकच फायदा त्या दिवशी दिसला.

"स्टेपनी आहे की!" मामांना एकदम आठवलं. ती काढली. कोरी करकरीत, जमिनीला कधी टेकलेलीच नाही. आकडे होते 0809.

पंक्चरवाला तिच्याकडे आणि मग मामांकडे बघत राहिला. "मालक, ही मोठी बहीण हाय."

शेवटी सगळेच टायर बदलायचं ठरलं. भाव ऐकून मामांनी चष्मा पुसला, त्याला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "थोड्या जुन्या तारखेचे असले तर कमी करशील काय?"