धडधाकट गाईचा डॉक्टर

गोठ्यात डॉक्टर दिसला की गाय आडवी पडलेली असणार, हा आपल्याकडचा रिवाज. उभ्या गाईसाठी डॉक्टर बोलावणं म्हणजे पैशाला पाय फुटणं. लाळ्या-खुरकूताची लस घेऊन कोणी आलंच, तर मालक आधीच बजावतो, "सुई टोचली की दोन दिवस दूध आटतं, साहेब." खुरकूत आला तर महिनोन्महिने आटतं; पण ते नशिबाच्या खात्यावर, दोन दिवसांचं मात्र थेट डॉक्टरच्या नावावर. 2022 साली लम्पी पसरला तेव्हा हीच मंडळी लसीसाठी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती.

सुप्त कासदाहाचं, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या कासेच्या सुजेचं, तर विचारूच नका. दूध पांढरंशुभ्र, गाय निवांत रवंथ करतेय, आणि डॉक्टर चार सडांचं दूध चार खळग्यांत घेऊन त्यात जांभळं द्रावण फिरवतो. एका खळग्यातलं दूध शेंबडासारखं घट्ट होतं, म्हणजे दाह त्या सडात. मालक संशयानं बघतो ते गाईकडे नाही, बाटलीकडे!

पण त्याचं तरी चुकतं कुठे? दुधाचा दर ठरतो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर. निरोगी कासेचा भाव संकलन केंद्राच्या फळ्यावर कोण लिहितो? डॉक्टरही सल्ला देतो फुकट आणि पैसे घेतो इंजेक्शनचे. मग मोल कशाला, ते उघडच आहे. सरकारनं गाईच्या कानात 12 अंकी बिल्ला मारला, फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नंबर दिला. आता गाईनं तेवढं ऑफिसच्या वेळेत आजारी पडावं.