गिझर कोण बंद करणार?

मराठी मध्यमवर्गीय घरात गरम पाण्याचं रेशनिंग असतं. माणशी एक बादली, पाहुण्याला काठोकाठ, जावयाला दीड. आंघोळ करून माणूस बाहेर आला की पहिला प्रश्न, "गिझर बंद केलास?" देवाला नमस्कार केलास का, हे नंतर. असे संस्कार झालेल्या माणसाला मणिकरणला नेऊ नये. आम्ही मावशीला नेलं.

हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यात, साधारण १७५० मीटर उंचीवर हे गाव डोंगराला चिकटून बसलंय. खाली बर्फ वितळून आलेली नदी इतकी गार, की बुडवलेलं बोट आपलंच आहे का अशी शंका यावी. आणि तिच्याच काठाला खडकातून उकळतं पाणी उसळतंय. पुलावर पाऊल ठेवलं तोच वाफेचा लोट अंगावर आला. मावशी जागीच थबकली.

"हे रात्रीसुद्धा चालू असतं?"

"हजारो वर्षं चालू आहे," काका म्हणाले.

"आणि कोणीच काही बोलत नाही?"

वज्रेश्वरी आणि राजापूरचं उन्हाळं तिने पाहिलेलं आहे. पण तिथे माणूस शेकून निघतो, इथे थेट शिजेल. काही झऱ्यांचं पाणी नव्वद अंशांच्या वर असतं. आसपास ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं, बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. हे मी समजावून सांगितलं. मावशीला पुराणातलं कारण जास्त पटलं. इथे पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला, तो शेषनागाने पाताळात नेला. शंकर कोपले, तेव्हा शेषाने असा फूत्कार टाकला की मण्यासकट उकळतं पाणी वर उसळलं.

"फिरकी नीट लावली नसणार," मावशी हळहळली. दागिना हरवल्यावर नवऱ्याने एवढा आकांत केला, याचं मात्र तिला फार कौतुक वाटलं. बोलताना ती काकांकडे बघत होती. काका नदीकडे बघू लागले.

गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात आणि डाळ याच पाण्यात शिजते. मोठमोठी भांडी कुंडात सोडून ठेवतात, खाली ना गॅस ना लाकूड. बाहेर दुकानांत तांदळाच्या, चण्याच्या छोट्या पुरचुंड्या मिळतात. मावशीने लगेच तांदूळ घेतले, दोरा बांधून पाण्यात सोडले आणि शेजारच्या सेवादाराला गाठलं.

"भैया, इसको कितना शिट्टी लगता है?"

त्या भल्या माणसाला प्रश्नच कळला नाही. आयुष्यभर वेळ शिट्ट्यांत मोजलेल्या बाईला वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे किती, ते समजेना. त्यात मी सांगितलं, की एवढ्या उंचीवर पाणी चौऱ्याण्णव-पंचाण्णव अंशांनाच उकळतं, त्यामुळे शिजायला थोडा वेळ लागणारच. "म्हणजे पूर्ण तापतच नाही!" असं म्हणून तिने पुरचुंडी आणखी दहा मिनिटं ठेवली. भात गिच्च झाला. मावशीच्या मते तो तसाच छान लागतो.

गुरू नानक इथे आले असताना भाई मर्दानांनी पोळ्या लाटून पाण्यात टाकल्या, त्या बुडाल्या, आणि प्रार्थना केल्यावर शिजून वर तरंगल्या, अशी कथा आहे. मावशीने मनोभावे हात जोडले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वरणफळंच की गं ही!"

काका एव्हाना स्नानाच्या कुंडात होते. गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेलसं केलेलं असतं. घरी एका बादलीत आटोपणारा हा माणूस गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसला होता. फार वेळ बसू नका, चक्कर येते, असं कोणीतरी सांगून गेलं. काकांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि गुडघ्यांच्या वतीने दुर्लक्ष केलं. शेवटी लालबुंद होऊन बाहेर आले, तेव्हा मावशीने सवयीने विचारलं, "बंद केलंत?"

परतीच्या वाटेत मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. या पाण्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते. अमोनिया वापरून साडेसात टनांचं शीतगृह चालवून पाहिलं, म्हणजे गरम पाण्याने गारवा! शिवाय ५ किलोवॅट विजेचा एक छोटा संचही बसवला होता.

काकांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला. "पाच किलोवॅट म्हणजे आपल्यासारखे अडीच गिझर."

"थांबा," मावशी म्हणाली. "आधी गरम पाण्याची वीज करायची, आणि मग त्या विजेवर पाणी तापवायचं? त्यापेक्षा घागरच भरून न्या की!"

माफक तापाच्या झऱ्यांबद्दल भूऔष्णिक ऊर्जेच्या तज्ज्ञांचं मतही साधारण हेच असतं. फक्त ते घागर म्हणत नाहीत.