सुटतोय की तुटतोय

जाम झालेला बोल्ट रागाच्या भरात मोडतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. रागावलेला माणूस फार तर पाना आपटतो, बोल्टाच्या घराण्याचा उद्धार करतो आणि चहाला जातो. बोल्ट होता तिथेच असतो. तो मोडतो आनंदाच्या भरात. तासभर दाद न देणारा बोल्ट अचानक पान्याखाली मऊ लागतो, किंचित फिरतो. ‘इलो, इलो!’ असं कुणीतरी ओरडतं, हाताला हुरूप येतो आणि पुढच्याच क्षणी बोल्टाचं डोकं पान्यात असतं, धड इंजिनात.

सुटणारा बोल्ट आणि तुटणारा बोल्ट पहिल्या क्षणी हाताला जवळजवळ सारखेच लागतात. तुटण्याआधी पोलाद थोडं पिळवटतं आणि ते पिळवटणंच आपण फिरणं समजतो. आयुष्यात प्रगतीच्या बातम्या बऱ्याचदा अशाच मिळत असल्यामुळे मला या विषयात विशेष रस आहे.

रस लागला मालवणात. भर पावसात सासुरवाडीला गेलेल्या जावयाला जेवण आणि झोप यांच्यामध्ये काहीच काम नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्यामुळे होडीच्या पाठीला लावायची इंजिनं मिस्त्रींच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर टांगलेली असतात. मी तिथे जाऊन बसतो. मिस्त्रीही मला हाकलत नाहीत, कारण बॅटरी धरायला कुणीतरी लागतंच.

या इंजिनांचं कवच ॲल्युमिनियमचं आणि त्यातले बोल्ट पोलादी. इंजिन थंड राहतं ते समुद्राचंच पाणी आत ओढून. म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि भोवती खारं पाणी: विजेचा सेल व्हायला आणखी काय लागतं? अठराव्या शतकात इटलीत गॅल्व्हानींना बेडकाची मेलेली तंगडी दोन धातूंच्या स्पर्शाने उडताना दिसली, ती याच प्रकाराने. त्यांना वाटलं वीज बेडकात आहे. व्होल्टांनी दाखवून दिलं की ती धातूंच्या जोडीत आहे. मालवणच्या इंजिनात बेडूक नसतो, पण बाकी सगळी मांडणी तीच.

गंमत अशी की शिव्या खातो बोल्ट आणि झिजत असतं ॲल्युमिनियम. अशा जोडीत ॲल्युमिनियमच स्वतःला खायला घालतं. त्याची जी पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. आट्यांमध्ये जागा असते कुठे? मग ती बोल्टाला चहूबाजूंनी आवळत जाते. बाहेरून पाहावं तर बोल्ट चकचकीत, कव्हर ठीकठाक. भांडण सगळं आतल्या आत.

ब्रिटिश आरमाराने हा धडा फार पूर्वी घेतला होता. १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लोखंडी खिळ्यांनी. दोनेक वर्षांनी पाहिलं तर तांबं शाबूत आणि खिळे कुजलेले. काही खिळे मात्र टिकले होते. पत्र्यांबरोबर आलेला तपकिरी कागद कामगारांनी तिथे काढलाच नव्हता आणि त्याने दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवलं होतं. कामचुकारपणाने विज्ञानाची इतकी सेवा क्वचितच केली असेल.

होडीच्या इंजिनावर यासाठी जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याने आधी झिजायचं आणि ॲल्युमिनियमला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. शेडमध्ये ज्यांचं इंजिन उघडलं होतं, त्या तांडेलांनी त्याच्यावर छान निळा रंग मारून घेतला होता. रंगाखालच्या जस्ताला पाणी लागत नाही, म्हणून ते झिजत नाही. तांडेल अभिमानाने म्हणाले, ‘‘बघा, चार वर्सां तसोच हा!’’ मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

बोल्ट अडला की उपाय गोळा व्हायला वेळ लागत नाही. कुणी रॉकेल सांगतं, कुणी डिझेल, कुणी ब्रेक ऑइल. प्रत्येकाच्या काकांचा एक बोल्ट त्याच उपायाने सुटलेला असतो. मिस्त्री सगळ्यांना मान डोलावतात, आपलं तेल सोडतात आणि रात्रभर राहू देतात. सकाळी हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर टकटक. जोर कमी, ठोके नेमके. त्याने आतली भुकटी तडकते. मग ते जे करतात ते पाहून तांडेलांचा धीर सुटतो. सोडवायचा बोल्ट ते आधी थोडा कसतात! पण पकड एकदा हलणं महत्त्वाचं, दिशा नंतर बघता येते.

त्यानंतर आग. इथे वाद ठरलेला. ॲल्युमिनियम तापलं की फुगणार, मग भोक लहान नाही का होणार? नाही होत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो, कारण तापल्यावर तिचा घेर वाढतो. भोकाचंही तसंच. शिवाय एका अंशाला एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढतं आणि साधं पोलाद सुमारे १२. त्यामुळे भोक बोल्टापेक्षा जास्त सैल होतं. तापलेल्या आट्यांवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत झिरपतं, हे मी स्वतः पाहिलंय. धोका एवढाच की पोलाद तापताना लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, सरळ ओघळतं.

‘‘पावण्यानू, आयका,’’ मिस्त्री पान्यावर हात ठेवून म्हणाले. ‘‘आवाज इलो तर सुटलो. आवाज नाय आणि मऊ लागलो, तर थांबायचा.’’ पहिला बोल्ट ‘कट्ट’ करून सुटला. दुसराही. मिस्त्री चहाला उठले आणि तिसऱ्याला तांडेलांच्या भाच्याने पान्यात लांब पाइप अडकवून हात घातला. त्याला तो मऊ लागला. तो आनंदला.

पुढचं प्रकरण लांबतं. तुटक्या बोल्टाच्या मधोमध सेंटर पंच, मग ड्रिल, मग ‘इझी आउट’. हे उलट्या आट्यांचं हत्यार इतकं कडक असतं की तेच आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. त्याचं नाव ज्याने ठेवलं तो विनोदी माणूस असावा. मग शेवटचा इलाज तुरटीचा. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियमला फारसा धक्का लागत नाही. घड्याळजी पितळी पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू असाच काढतात. स्टेनलेस स्टील मात्र तुरटीलाही सहसा बधत नाही. दाढीनंतर गालाला लावायची वस्तू बोल्ट खाते, हे ऐकल्यापासून सासरे न्हाव्याकडे जरा जपून बसतात.

आमचा तुकडा ड्रिलनेच निघाला. बरोबर आटेही गेले. मिस्त्रींनी भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवली. बोल्ट आता त्या स्प्रिंगमध्ये फिरणार. ती त्याला मूळ ॲल्युमिनियमपेक्षा घट्ट धरते. नव्या बोल्टांना वंगण चोपडलं: जहाजावरच्या त्या तपकिरी कागदाचं काम आता हे करणार.

मग कसणं. तांडेल म्हणाले, ‘‘अजून जरा मारा.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘वंगण लावलेलो बोल्ट कमीच कसूचो.’’ ६ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. मोजायचं यंत्र मिस्त्रींकडे नाही. ते आखूड पाना घेतात, तो बोल्टाच्या डोक्याजवळ धरतात आणि तो लांब पाइप, भाचा शेडमध्ये असेपर्यंत, स्वतःच्या बुडाखाली ठेवतात.